हवालदारांचा फासला

हैबती हवालदार कुणाशी बोलायचे तर आधी काठी आडवी धरायचे. चांगली पाच हात लांब बांबूची काठी. एक टोक स्वतःच्या पोटाशी, दुसरं समोरच्याच्या छातीशी. "फासला! आता बोला." अंतर राखायचा हा शब्द त्यांनी पहिल्या जर्मन लढाईत बसऱ्याहून आणला होता.

उंब्रजला मी मास्तर म्हणून आलो, तेव्हा शेजार मिळाला तो यांचा. नाव हैबती, अंगानं धिप्पाड, आणि भीती कशाची? तर शिंकेची! पारावर कुणी शिंकलं, की गोळ्यांच्या वर्षावातून परतलेला हा गडी धोतर सावरत थेट नदीची वाट धरी. रिकामटेकडे तर नाकात काडी घालून मुद्दाम शिंकायचे. मीही हसायचो, खोटं कशाला सांगू?

थंडी पडली की गावात ताप फिरायचा. दरसाल दोन-तीन म्हातारी माणसं, एखादं अंगावरचं पोर घेऊन जायचा. लोक म्हणायचे, "म्हातारं व्हतं, गेलं." हवालदार भडकायचे. "म्हातारं व्हतं म्हनून न्हाई, तापानं गेलं! मानमोडीची धाकटी भन हाय ही. दरसाल येती, अन् तुमी तिला पडसं म्हनताय!"

मानमोडी म्हणजे त्या लढाईच्या अखेरीला घरंच्या घरं ओस पाडून गेलेली तापाची साथ. तिच्या धाकानं हवालदार दर थंडीत, पहिला खोकला कानावर आला की, प्लेगात लोक जात तसे, माळावरच्या खोपीत राहायला जात. पडशासाठी गाव सोडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

माझ्या पाच वर्षांच्या कुसुमवर मात्र त्यांचा भारी जीव. तिला रोज गुळाचा खडा मिळे. तोही काठीच्या टोकाला चिंधीत बांधून.

दुसरी लढाई चालू होती, तेव्हाची गोष्ट. मार्गशीर्षात कुसुमला ताप भरला. ती खोकली मात्र, हवालदारांनी घोंगडं उचललं आणि मागं न बघता माळ गाठला. "पळपुटे!" मी दारातून ओरडलो.

तिसऱ्या दिवशी पोरीचा श्वास भात्यासारखा चालू लागला. ओठ निळे पडले. बायको देव पाण्यात घालून बसली. त्याच सकाळी पलीकडच्या आळीतलं एक तान्हं गेलं होतं. माझी पाचावर धारण बसली. पोरीची छाती खाली गेली, की ती परत वर येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसे.

पाचव्या दिवशी तिला घाम फुटला, ताप उतरला. डोळे उघडल्याबरोबर तिनं गूळ मागितला. तेव्हा कुठं बायको म्हणाली, "अहो, हवालदारांकडं कुणी गेलंय का?"

भाकरीचं गाठोडं घेऊन मी माळावर गेलो. हवालदार खोपीत घोंगड्याखाली कुडकुडत पडले होते. मी आत पाऊल टाकतोय तोच खोल गेलेल्या आवाजात ओरडले, "फासला, मास्तर!" मग म्हणाले, "कुसुम... हाय का?"

"आहे. गूळ मागतेय."

तो धिप्पाड माणूस हमसून हमसून रडायला लागला.

"पोरगी तापायच्या आदल्या दिशी माझा घसा खवखवत हुता. पोरगी म्हनली, गूळ हातानं द्या की. दिला. लय चुकलं, मास्तर. बसऱ्यासनं रजेवर आलो, तवाबी असाच खवखवत हुता. आल्या आल्या लेकीला उचलून घेतलं. आठ दिसांत ती गेली, तिची आय गेली. मी ऱ्हायलो."

इतकी वर्षं आम्हाला वाटत होतं, हा माणूस आमच्या शिंकेला भितो. तो स्वतःच्या शिंकेला भीत होता; आमचा ताप अंगाला लागला, तर तो आपण पुढं कुणाला देऊ, याला. आणि मी त्याला पळपुटा म्हणालो होतो.

मी पुढं सरकलो, तर काठी आडवी आली. गाठोडं टोकाला अडकवलं, ते त्यांनी ओढून घेतलं. मग काठी पुन्हा पुढं केली. मी टोक धरलं. त्यांच्या हाताची थरथर पाच हातांवरून माझ्या हाताला लागत होती.

चार दिवसांनी हवालदार गेले. पारावर कुणीतरी म्हणालं, "म्हातारं व्हतं, गेलं."

"तापानं गेले!" मी म्हणालो. ओरडलोच असेन, कारण सगळा पार माझ्याकडे बघायला लागला.