उष्टा आवाज

आमच्या घरातले दोन सबवूफर एकमेकांचे व्याही आहेत, आणि लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यांचं मानपानावरून बिनसलं.

सबवूफर म्हणजे तांदळाच्या पिंपाएवढं काळं खोकं. सिनेमात हत्ती पळाला की ते घुमतं आणि फडताळातली भांडी थरथरतात. एक माझ्या धाकट्याने, धैर्यशीलने, लग्नाआधी घेतलेला; तो वरपक्षाचा. दुसरा सूनबाई शर्वरीबरोबर विट्याहून आहेरात आला, तो वधूपक्षाचा.

धैर्यशीलने वायर घातली ती आधी आमच्या खोक्यात आणि तिथून पुढे विट्याच्या खोक्यात. हत्ती पळाला. आमचा घुमला, विट्याचा गप्प. पुन्हा हत्ती पळवला, तेव्हा तो खर्जात म्हणाला, "यांच्या पोटातून आलेला आवाज आम्ही घेत नाही. उष्टा आहे तो."

शर्वरी म्हणाली, त्यांच्या घरचं वळणच तसं आहे, कुणी कुणाचं उष्टं घेत नाही.

"मग मांडवात माझ्या ताटातली जिलबी तुझ्या भावाने उचलली, तो काय प्रसाद होता?" धैर्यशील म्हणाला.

बोलून गेला खरा, पण मग त्याचाच चेहरा उतरला. आमच्यात रीतच आहे: आहेरातली वस्तू नांदली नाही तर ती माहेरी परत जाते, आणि तिला पोचवायला सून जाते. सून परत कधी यायची ते त्या वस्तूने ठरवायचं. माझ्या नणंदेची जाऊ शिवणाच्या मशीनबरोबर पलूसला गेली, ती अजून पलूसलाच आहे. शर्वरीने माळ्यावरची बॅग काढली. डोळे पुसत काढली, पण काढली.

विट्याहून व्याही दिनकरराव आणि विहीणबाई शालनबाई आले. दोन्ही खोक्यांना पाट मांडले, हळदीकुंकू लावलं आणि बैठक बसली. आमच्या खोक्याचं म्हणणं, आम्ही वरपक्ष, आवाज आधी आम्हाला. विट्याच्या खोक्याचं म्हणणं दिनकररावांनी मांडलं: वायर वेगळी हवी आणि विजेचा बोर्डही वेगळा. एका बोर्डावर दोघं म्हणजे एका ताटात दोन जावई.

मी धैर्यशीलला विचारलं, दोघांना एकदमच वाढेल अशी दुतोंडी वायर मिळते का. मिळते म्हणाला. जाऊन घेऊन आला. बोर्डासाठी फ्रिजला जरा सरकायला सांगितलं. तो स्वयंपाकघरात गेला, कुरकुरला नाही, आमच्याकडचाच आहे.

सगळे कोचावर मधोमध दाटीवाटीने बसलो. हत्ती पळाला.

काहीच नाही. मांजर गेल्यासारखा गेला.

शालनबाईंनी कान देऊन ऐकलं. दोन्ही खोकी हळू आवाजात एकमेकांना म्हणत होती, "आधी तुम्ही." "छे, छे, आधी तुम्ही." भांडण मिटलं होतं, आता आदर आडवा आला होता.

शर्वरीने बॅग उचलली. धैर्यशीलला ते बघवेना. तो उठून पार कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून बसला. बसल्याबरोबर म्हणाला, "आई, माझी पाठ हलतेय."

एवढ्यात खालच्या मजल्यावरच्या शेवंताबाई वर आल्या. हातात चेपलेली कळशी. "वहिनी, हत्ती तुमच्याकडनं पळतोय का?" त्यांनी विचारलं. "माझी सगळी मांडणी खाली आली."

मग दिनकररावांनी घरभर फिरून पाहिलं. कोपऱ्यात घुमत होतं, दारात घुमत होतं, मोरीतही घुमत होतं. फक्त कोचाच्या मधोमध, जिथे एकाचा आदर दुसऱ्याच्या आदराला भेटतो, तिथे आवाज उरत नव्हता.

"म्हणजे नांदला," दिनकरराव म्हणाले. शालनबाईंनी लेकीच्या हातातली बॅग काढून स्वतः माळ्यावर टाकली. शेवंताबाईंना चहा दिला, कळशी ठोकून दिली.

आता सिनेमा असला की धैर्यशील आणि शर्वरी कोपऱ्यात चिकटून बसतात. आवाजासाठी, असं म्हणतात. विट्याची मंडळी आली की कोचाच्या मधोमध आम्ही दोघी विहिणी बसतो. तिथे निवांत बोलता येतं. पुष्कळ दिवसांचं साठलेलं असतं.

शालनबाई म्हणतात, "आधी तुम्ही सांगा."

मी म्हणते, छे, छे, आधी तुम्ही.

सिनेमा संपतो.