घर क्रमांक चारमधील भुताची नेमणूक

ज्या मुलखात झाडांची पानं गळतात, तिथल्या माणसांना वर्षातून एकदा भुतांना भ्यावंच लागतं. हा सृष्टीचा नियम आहे. आणि ज्या मुलखात पानं गळत नाहीत, तिथल्या लोकांनी या भिण्याची चोख सोय करून द्यावी, हा व्यापाराचा नियम आहे. शुंबाले बेटावर दोन्ही नियम मनापासून पाळले जातात.

आता शुंबालेत ऋतू चारच. मोठा पाऊस, छोटा पाऊस आणि दोन दिशांचे दोन वारे. शरद ऋतूला कुठे जागाच नव्हती. पण झांझिबारहून सकाळच्या बोटीनं येणाऱ्या पाहुण्यांना हॅलोविनच्या दिवसांत शरदच लागतो, हे लक्षात आल्यावर ‘शरद व भय समिती’ स्थापन झाली आणि तिनं पहिल्याच बैठकीत ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा शरद म्हणून मंजूर केला. (ठरावाची प्रत सूर्याला पाठवण्याची सोय नसल्यामुळे त्या आठवड्यातही ऊन होतं तसंच राहिलं.) हॉटेलच्या अंगणातल्या बदामांची लाल पानं वर्षभर रोज सकाळी झाडून जाळली जायची, ती आता सकाळी झाडायची आणि दुपारी साडेतीनला परत पसरायची, असा हुकूम निघाला. झाडणारणीनं विचारलं, मग झाडायचीच कशाला? तिला स्वच्छतेचं महत्त्व समजावून सांगण्यात आलं.

भुतांच्या बाबतीत मात्र समितीला थोडा विचार करावा लागला. कारण बेटावर भुतं आहेत. जुन्या गोरखचिंचेच्या पोटात राहतात, वर्षातून एकदा त्यांना हलवा आणि गुलाबपाणी पोचतं, आणि त्यांच्याबद्दल कोणी मोठ्यानं बोलत नाही. पण ती वेळ पाळत नाहीत आणि सही करत नाहीत. म्हणून खऱ्या भुतांना वगळून नवी भरती करायचं ठरलं. भिण्याची वेळ दुपारी चार ते सहा. (साडेसहाला हॉटेलात जेवण लागतं.)

पहिली नेमणूक सांगाडा म्हणून झाली ती म्झे फाकींची. (म्झे म्हणजे वडीलधारा म्हातारा.) साठ वर्षं समुद्रावर जाळी ओढून त्यांच्या अंगावर एवढंच मांस उरलं होतं, की पोशाखाचा खर्च समितीला करावा लागला नाही. त्यांचं काम सोपं होतं: पाहुण्यांच्या खोलीत अचानक शिरायचं. म्झे फाकी दारापाशी जात आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे बाहेरूनच म्हणत, “होदी!” येऊ का, म्हणून. आतून ‘करीबू’, म्हणजे ‘या’, न आल्यास दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. तीनदा हाक मारून कोणी या म्हणालं नाही तर भल्या माणसानं मागं फिरावं, हे तर बेटावरच्या कोंबड्यांनाही ठाऊक आहे. म्झे फाकी चौदा दारांवर गेले आणि चौदा दारांवरून परत आले. समितीच्या वहीत शेरा पडला: “सांगाडा सभ्य आहे. ताकीद द्यावी.”

त्यानंतर झपाटलेली घरं निवडली गेली. एक ते तीन क्रमांकांना बेटावरच्या पडक्या वखारी मिळाल्या. चौथ्या क्रमांकाला मिळालं बी झुवेनाचं घर. (पोक्त बाईला बेटावर ‘बी’ म्हणतात. जो म्हणत नाही त्याला कोणी काही बोलत नाही, नुसतं बघतात.) या घराच्या छपराला मोठं भगदाड होतं, भिंतींचा चुना उडाला होता आणि आढ्याला वटवाघळं होती. बी झुवेनानं छपराच्या पत्र्यांसाठी नऊ वर्षांपूर्वी अर्ज केला होता. ज्या कचेरीनं तो नऊ वर्षं दाबून ठेवला, तिनंच आता त्या छपरावर “वातावरणास अत्यंत अनुकूल” असा शेरा मारला. एवढी दूरदृष्टी फार थोड्या कचेऱ्यांत आढळते.

निकाल घेऊन समितीचा चिटणीस म्सेलेम आला. दारात उभा राहून त्यानं रीतसर होदी म्हटलं, रीतसर आत आला आणि चटईवर बसून कागद उलगडला.

“बी, तुमचं घर झपाटलेलं ठरलंय.”

“कोणी ठरवलं?”

“समितीनं. एकमतानं.”

“बरं. चहा घेशील?”

“बी, ऐका तरी. नियम आठ. झपाटलेल्या घरात जिवंत माणसाला राहता येत नाही. घर रिकामं करावं लागेल.”

बी झुवेनानं किटली खाली ठेवली. या घराचे दगड तिच्या नवऱ्यानं ओहोटीच्या वेळी समुद्रातून काढून डोक्यावरून आणले होते. पाच पोरं इथं जन्मली, दोन इथूनच गेली. दार-ए-सलामची लेक दर महिन्याला फोनवर म्हणायची, ये माझ्याकडे, चौथ्या मजल्यावर. चौथ्या मजल्यावर दाराशी येऊन होदी कोण म्हणणार?

“आणि मेलेल्या माणसाला?” तिनं विचारलं.

“काय?”

“मेलेल्या माणसाला राहता येतं का, तुझ्या नियमात?”

म्सेलेमनं कागद वरून खाली आणि खालून वर वाचला. “मेलेल्याला मनाई नाही. उलट भुताची जागा रिकामीच आहे.”

“मग लिही.”

फॉर्म भरला गेला. मृत्यूची तारीख या रकान्याशी म्सेलेम अडला. बी झुवेना म्हणाली, “गेल्या मोठ्या पावसात अंथरुणावर धार लागली होती, तेव्हा मी मेल्यातच जमा होते. तीच टाक.” मृत्यूचं कारण म्हणून तिनं ‘पत्र्यांची वाट पाहणं’ सांगितलं, ते रकान्यात मावेना म्हणून म्सेलेमनं ‘नैसर्गिक’ लिहिलं. अशा रीतीनं बी झुवेना सर्व नियमांना धरून मयत झाली आणि आपल्याच घरात राहायला लागली.

पण नुसतं मरून भागत नाही, काम दाखवावं लागतं. समितीनं भीतीचे गुण ठरवले होते. किंकाळीला दहा, दचकण्याला चार, शेजारच्याचा हात धरण्याला दोन. घाम धरायचा नाही, कारण तो सगळ्यांनाच येतो. सहल तीन दिवसांची होती. एका दिवशी तरी साठ गुण भरले तर घर राहील. नाहीतर पहिल्या नोव्हेंबरला ते पाडून तिथं सिमेंटचं, विजेवर हलणाऱ्या भुतांचं घर उभं राहील, असं म्सेलेमनं तिला दोनदा वाचून दाखवलं.

पहिल्या दिवशी चार वाजता अकरा पाहुणे आले. होदी न म्हणता दार ढकलून आत घुसले. बी झुवेना पांढरी चादर पांघरून कोपऱ्यात उभी होती. ठरल्याप्रमाणे तिनं किंचाळायला तोंड उघडलं, आणि पन्नास वर्षांची सवय आड आली.

“करीबू, करीबू! या, या. उन्हातून आलात?”

मग चादरीतूनच तिनं आलं घातलेला चहा आणि नारळात शिजवलेला कसाव्याचा कंद आणला. प्रत्येकाला विचारलं, बरे आहात ना? घरचे बरे? आई बरी? रात्री झोप लागली? शेत कसं आहे? आमच्याकडे विचारपूस अशी उभ्या उभ्या आटपत नाही. म्सेलेम बाजूला उभा राहून सगळं त्यांच्या भाषेत सांगत होता. सात मिनिटं विचारपूस चालली, आणि इतकी विचारपूस झाल्यावर कोणी भिऊच शकत नाही, असा अनुभव आला. दिवसाचे एकूण गुण: चार. तेही एका पालीमुळे, आणि पाल समितीच्या नोकरीत नव्हती.

“बी, जरा ओरडा ना,” संध्याकाळी म्सेलेम कळवळून म्हणाला. “निदान केस तरी मोकळे सोडा.”

“परक्यांसमोर डोकं उघडं टाकू?”

“तुम्ही मेलाय! मेलेल्याला कसली लाज?”

“मेले म्हणून वळण मेलं का? तुझी आजी गेली तेव्हा तिला मी न्हाऊ घातलं. तिनं मेल्यावरसुद्धा डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही. आणि तू मला शिकवतोस? याच चटईवर पालथा पडायला शिकलास तू.”

चिटणीसानं उरलेला कसावा संपवला.

दुसऱ्या दिवशी पाहुणे अर्धा तास आधीच आले. समितीनं भोपळे पोखरून त्यांना डोळे-दात पाडायला सांगितले होते. बी झुवेनानं पोखरले. पण निघालेला गर टाकायचा कुठं, म्हणून नारळाच्या दुधात शिजवला. सगळे पोटभर जेवले. एक जण चटईवर झोपला आणि घोरला. मार्गिट नावाच्या थोराड बाईनं भुताला तिळाचं वाटण करू लागायचं म्हणून खलबत्ता मागितला. योहान नावाच्या, उन्हानं लाल झालेल्या गृहस्थांनी आपली सगळी कर्मकथा सांगितली आणि भुताच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. याला गुण द्यावेत की कापावेत, यावर समितीत मतभेद झाले. शेवटी वजा तीन धरण्यात आले.

त्या संध्याकाळी बी झुवेना एकटीच ओट्यावर बसली. आता घर राहत नाही, हे तिला कळून चुकलं होतं. ती बराच वेळ भिंतीवर तळवा टेकून होती. उन्हानं तापलेला दगड अजून कोमट होता. मग ती उठली आणि म्झे फाकींच्या दारात गेली.

“होदी! फाकी, तुमच्याकडे कुदळी किती आहेत?”

“दोन. का?”

“अकरा हव्यात.”

म्झे फाकींना लगेच उमगलं. पाहुणा दोन दिवस पाहुणा. तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्यावी, हे बेटावर कोणाला सांगावं लागत नाही. तरी ते म्हणाले, “अहो, ती माणसं पैसे मोजून आलीत.”

“म्हणून काय पाहुणी नाहीत? तिसऱ्या दिवशी कुदळ दिली नाही, तर त्यांना वाटेल, बाई अजून परकं समजते. घर जायचं तर जाईल, फाकी. पण शेवटच्या पाहुण्यांचा पाहुणचार अर्धवट ठेवून नाही जायचं.”

म्झे फाकी गावभर फिरले. प्रत्येक दारावर तीनदा हाक मारून त्यांनी नऊ कुदळी जमवल्या. सांगाड्याकडून समितीला अपेक्षित असलेलं सगळं हिंडणं त्यांनी त्या एका संध्याकाळी केलं.

तिसऱ्या दिवशी चार वाजता पाहुणे हसत आले. पहिल्यांदाच, न सांगता, त्यांनी दारातून “होदी!” म्हटलं. बी झुवेनाला भरून आलं. चादर तिनं धुऊन वाळत घातली होती. कमरेला कांग्याचं रंगीत कापड घट्ट बांधून ती दारात उभी होती, आणि भिंतीला अकरा कुदळी ओळीनं टेकल्या होत्या.

“करीबू,” ती म्हणाली आणि पहिली कुदळ योहानसाहेबांच्या हातात दिली.

योहानसाहेबांनी ती उलटसुलट पाहिली. खोटी असावी म्हणून तिचं पातं वाकवून पाहिलं. वाकलं नाही.

“बी म्हणतात,” म्सेलेम अर्थ सांगू लागला, “दोन दिवस तुम्ही पाहुणे होता. आजपासून घरचे झालात. कसाव्याचे बारा वाफे खणायचे आहेत. मग छपरावर चढायचंय.”

“कधीपर्यंत?” योहानसाहेबांनी विचारलं.

म्सेलेमनं विचारलं. बी झुवेना मायेनं हसली. “घरच्यांना कसली मुदत?”

हे वाक्य पोचलं आणि पहिली किंकाळी फुटली. मग दुसरी. ज्यांना सांगाडा, वटवाघूळ आणि साक्षात मयत बाई हलवू शकली नव्हती, ती माणसं एकमेकांचे हात धरून अंगणातून सुटली. दोघं थेट समुद्रात शिरले. आदल्या दिवशी घोरलेला माणूस हॉटेलच्या अंगणात पोचून बदामाच्या लाल पानांवरून घसरला, उठला आणि परत घसरला; बेटावरच्या शरद ऋतूचा हा पहिला प्रत्यक्ष उपयोग. योहानसाहेब बोटीच्या धक्क्यावर सापडले. बोट दुसऱ्या दिवशी सकाळी होती, पण त्यांनी रांग लावली होती.

म्सेलेमनं गुण मोजले. एकशे अठ्ठ्याऐंशी झाले. मोजून झाल्यावर तो तसाच अंगणात बसला आणि डोळे पुसत राहिला.

फक्त मार्गिटबाई पळाल्या नाहीत. त्यांनी कुदळ हातात तोलली, चपला काढल्या आणि दोन वाफे सरळ खणून काढले. थांबून एकदाच म्हणाल्या, आमच्याकडे बटाटे असत, आई गेल्यावर जमीन विकली. मग तिसरा वाफा धरला. समितीला हा प्रकार संशयास्पद वाटला. कामाला न भिणारं माणूस जिवंत असण्याचा संभव कमी, म्हणून खबरदारी म्हणून त्यांच्याकडूनही भुताचा फॉर्म भरून घेण्यात आला.

घर क्रमांक चार राहिलं. त्याला ‘अतिभयानक, श्रेणी अ’ अशी पाटी मिळाली. पत्रे मात्र मिळाले नाहीत, कारण अर्जदार मयत आहे. समितीचे सातही सभासद अभिनंदनाला आले. पहिल्या दिवशी चहा प्याले, दुसऱ्या दिवशी भोपळा खाल्ला. तिसऱ्या दिवशी सातही जणांची प्रकृती बिघडली आणि त्यानंतर घर पाडायचा विषय कोणी काढलेला नाही.

आता उरलात तुम्ही. पहिल्या दिवशी म्सेलेमच्या मागोमाग आलात, होदी न म्हणता. बी झुवेनाच्या चटईवर बसलात, तिच्या मरणाला हसलात, भोपळ्याच्या दिवशीही होतात आणि आज तिसऱ्या दिवशीही अजून उठलेला नाहीत. तिनं तुम्हाला पाहिलंय. नऊ वाफे खणायचे राहिलेत, आणि दहा कुदळी भिंतीला टेकून आहेत.

करीबू.