तोरसकर काकांचा सॅमन

आमचे शेजारी तोरसकर काका रोज सकाळी बर्फाच्या बादलीत दोन्ही हात बुडवून बसतात. बोटं बधिर झाली की हात बाहेर काढायचे आणि लगेच गळाच्या दोरीला गाठ मारायची. गाठ नीट बसली नाही की पुन्हा बादली. हे सगळं सिंगापूरच्या तोआ पायोहमध्ये, अंगाला घामाच्या धारा लागलेल्या असताना. खालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यावरून ते बर्फ घेतात, तेव्हा तिथली आंटी विचारते, "अंकल, एव्हरी डे पार्टी आह?"

सॅमनची तयारी, असं काका तिला सांगतात. तिला काही कळत नाही. मलाही कळत नव्हतं.

काकांना गळाला लावायचाय तो सॅमन डोंगरातल्या थंडगार धरणांत असतो. बाकीचे सॅमन समुद्र गाठतात, हा जन्मभर गोड्या पाण्यातच. "समुद्रावर जात नाही, घरीच राहतो. शहाणा मासा," असं काका म्हणतात. स्वतः मालवणचे, पण सगळी नोकरी जहाजाच्या इंजिनरूममध्ये झाली. आता एकटेच असतात. बरं, सॅमन आवडीनं खातात म्हणाल, तर तेही नाही. बांगड्यापुढे तो त्यांना उकडलेल्या बटाट्यासारखा लागतो. मग हा खटाटोप कशासाठी?

एका शनिवारी त्यांनी मला इथल्या रिझर्वॉयरवर नेलं. उन्हाळ्यात सॅमन खोल, थंड पाण्याच्या थरात जातो म्हणे, आणि तो थर शोधता आला पाहिजे. जहाजाच्या टाकीतलं तेल मोजायची पितळी वजनाची टेप काकांनी आणली होती. तिला थर्मामीटर बांधून ते पाण्यात सोडत होते. वर तीस, खाली तीस. मी म्हटलं, काका, सिंगापुरात थंड थर कुठून येणार? तर म्हणाले, "माप बरोबर आहे रे, तलाव चुकीचा आहे." मी रॅफल्स प्लेसला दिवसभर सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो, पण या वाक्यातली चूक काही मला सापडली नाही.

गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे चहाला बसलो असताना त्यांच्या मुलाचा अमेरिकेतून फोन आला. सध्या मासे किती खोल आहेत, एवढंच काकांनी विचारलं. तिकडून मुलगा जो सुरू झाला, तो वीस मिनिटं थांबला नाही. काका नुसते हुंकार भरत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, तो सुट्टीत सासऱ्यांबरोबर तिकडच्या धरणावर हाच सॅमन पकडायला जातो. पूर्वी त्याचा फोन म्हणजे तब्येत, हवामान आणि "बरंय, ठेवतो", एवढंच.

तुम्ही कधी निघताय, असं मी सहज विचारलं.

"त्यानं अजून बोलावलं नाही." काकांनी कप उचलून आत नेऊन ठेवला. "मी बोटीवर असताना तो मोठा झाला. सुट्टीत घरी यायचो, ते पाहुण्यासारखा. उद्या त्याच्या होडीतही पाहुण्यासारखा बसलो, तर पुन्हा कशाला बोलावेल?"

मला फार वाईट वाटलं आणि रागही आला. मुलाचा, काकांचा, की त्या सासऱ्यांचा, ते मात्र मला अजून कळलेलं नाही.