खाणीतल्या सात जणी

माणसानं म्हातारपणी देवदेव करावं, नातवंडं खेळवावीत, नाहीतर पारावर बसून दुसऱ्यांच्या सुनांची चौकशी करावी. आमचे हे दगड गोळा करतात. बारामतीच्या एमआयडीसीत बत्तीस वर्षं दुधाच्या टाक्या धुतल्या, रिटायर झाले, आणि तेव्हापासून मोटरसायकलला पोतं बांधून कळसपासून बावड्यापर्यंत भटकतात. बंद पडलेली दगडखाण दिसली की हे आत. काळ्या खडकाच्या पोटात पोकळी असते म्हणे, आणि तिच्यात गारगोट्या फुलतात. फुलेनात का! माझ्या पिठाच्या डब्यात कशाला?

गेल्या महिन्यात भाकरीत खडा निघाला आणि माझी दाढ हलली. मी सांगून टाकलं, "घरात एकतर मी ऱ्हाईन, न्हायतर ही खडी."

"बरं," म्हणाले आणि पोतं घेऊन गेले.

संध्याकाळी विचारलं, "टाकली?"

"टाकली."

यांची हीच वागणूक मला खटकते. भांडत नाहीत. बरं म्हणतात आणि आपलंच करतात.

मंगळवारी आमची शेळी सुटली. शोधत शोधत मी जुन्या खाणीपर्यंत गेले. ऐन बाराची वेळ. त्या वेळेला साती आसरा, पाण्यातल्या सात देवी, बाहेर येऊन बसतात, बाईमाणसानं एकटीनं पाण्याजवळ जाऊ नये, हे आईनं लहानपणीच शिकवलेलं. पण मी कुणाला भिते? उतरले खाली. वारा नव्हता. पाणी हिरवं, तळ न दिसणारं. शेळीला हाक मारली तर समोरच्या कड्यानं माझीच हाक परत दिली. पण जरा उशिरा, विचार करून दिल्यासारखी.

आणि काठावर त्या बसलेल्या. सात. हिरव्या खणावर, एका ओळीत, ओल्याचिंब. त्यांच्या आतून उजेड येत होता. मधली हिरवी होती, आणि तिच्यातून कुणीतरी माझ्याकडे बघत होतं.

मी डोक्यावर पदर घेतला, खाली बघत सात पावलं मागं आले आणि मग जी पळाले ती घरात येऊनच थांबले. शेळी माझ्याआधी पोचली होती.

चार वाजेपर्यंत वस्तीतल्या बायका ओट्या, हिरव्या बांगड्या, दहीभात घेऊन खाणीत हजर. शेजारच्या रेश्माच्या अंगात आलं. "आमी बहिणी आलोय! आमास्नी जागा द्या!" गवंडी सिद्धूनं तिथंच कबूल केलं, गुरुवारी बाराला कट्टा घालतो, सातीजणींना सिमेंटात पक्क्या बसवतो. साखरबाईला दर्शन झालं म्हणून बायका माझ्याही पाया पडल्या. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

हे संध्याकाळी आले, ऐकलं आणि मटकन खाली बसले.

"तुला खात्री हाय?"

"मला? म्या माझ्या डोळ्यांनी बघितल्या."

"दगड असतील एखांद्या येळंस."

"दगड! दगडाच्या पोटात दिवा लागतो व्हय?"

"लागतो की कवा कवा," हे म्हणाले. मग "बरं" म्हणाले आणि जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत.

गुरुवारी सकाळी हे अंघोळीला गेले आणि यांचा फोन वाजला. बारामतीच्या कुठल्या कॉलेजातल्या मॅडम.

"काकू, दुपारी येते मी काकांचे दगड न्यायला. काचेचं कपाट तयार आहे, सात कप्प्यांचं. वर काकांच्या नावाची पाटीसुद्धा लावलीय. त्यांनी पाठवलेला फोटो बघितलात ना? खणावर मांडलेत बघा. तो मधला हिरवा तर..."

सुनेनं फोटो उघडून दाखवला. सातही जणी त्यात होत्या. खण माझ्या ट्रंकेतला. ओटीत आलेले पन्नास खण पडलेत, कोण ओळखतो? घरात जागा नाही म्हणून यांनी खाणीच्या काठी दगड धुऊन वाळत घातले होते.

मी चुलीपुढं बसून राहिले. बत्तीस वर्षं कारखान्यात यांना सगळे "ओ टाकीवाले" म्हणत. आता कुठं नावाची पाटी. खरं सांगावं तर पाया पडलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसणार. न सांगावं तर बाराला सिमेंट.

बाराला खाण माणसांनी भरली. सिद्धूनं माल कालवला, दगड उचलायला वाकला आणि तसाच राहिला.

"सहाच हायेत."

मधली हिरवी नव्हती. बाकी खण उन्हानं वाळून कडक झालेला, आणि तिची तेवढी जागा ओली.

रेश्मा घुमायला लागली. "एक नेली! ज्येनं हात लावला त्येचा हात झडंल! धरा त्येला!"

मी यांच्याकडे बघितलं. हे माझ्याकडेच बघत होते. घेतला वाटतं शेवटी, मी मनात म्हटलं. एक तरी घेतला. पण आता कुणी यांचे खिसे तपासले तर हाडं मोडतील.

जन्मात कुणापुढं घातली नव्हती ती मान मी खाली घातली. "थांब सिद्धू. ह्या आसरा न्हाईत. माझ्या नवऱ्याचे दगड हायेत. माझी चूक झाली."

"चूक झाली," कडा म्हणाला. उशिरानं.

सगळे यांच्याकडे वळले. सिद्धूनं विचारलं, "मानसिंगराव, तुमचे हायेत व्हय?"

यांनी सहाही दगडांकडे एकेक करून बघितलं. मग माझ्याकडे.

"न्हाय. माझा ह्यातला एकबी न्हाय. तिनं बघितलं त्येच खरं. उपाशी हाय दोन दिस, भोवळ येऊन बोलती."

उपाशी हे, आणि भोवळ मला!

सिद्धूनं सहाजणी सिमेंटात बसवल्या. सातवीची जागा मोकळी ठेवली, परत आली तर असावी म्हणून. बायका पुन्हा माझ्या पाया पडल्या आणि खाण रिकामी झाली.

वर येऊन मी मोटरसायकलवर मागं बसले.

"मॅडमला काय सांगितलं?"

"आत्ताच फोन लावला. दगड न्हाईत, पाटी काढून ठेवा म्हटलं."

"तो हिरवा तरी द्या की तिला."

"कुठाय?"

"तुमच्या खिशात."

यांचा किक मारायला उचललेला पाय तसाच राहिला. "मला वाटलं तू घेतलास. माझ्यासाठी."

मी दोन्ही हात पुढं करून दाखवले. यांनी खिसे उलटे केले. वारा नव्हता. खाली खाणीत कुणीतरी पाण्यात पाय सोडल्यासारखं डुबुक वाजलं, आणि त्यामागून काचेच्या बांगड्या किणकिणल्या.

मी यांचा शर्ट गच्च धरला आणि म्हटलं, "जन्मात एकदा चुकले म्हणाले, तर तितंबी तुमी मला खोटं पाडलं. तुमच्यासारखा खोटारडा नवरा दुसऱ्या कुणा बाईला मिळायचा न्हाय. हाणा गाडी. आन मागं बघू नका."