शौचाचा रंग : समाधानकारक

यादोराव मोहाडीच्या एका सरकारी कचेरीत अव्वल कारकून होते आणि दीड महिन्यापासून त्यांच्या पोटात आग होत होती. अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून एकही अर्ज त्रुटी निघाल्याशिवाय पुढे गेला नव्हता. त्यामुळे त्रुटी आपल्याच पोटात असू शकते, ही कल्पना त्यांना अपमानास्पद वाटे.

आग सकाळी उपाशीपोटी सुरू होई, जेवल्यावर जरा दबे आणि दुपारी करपट ढेकरांसह पुन्हा रुजू होई.

"दवाखान्यात जाऊन या ना जी," त्यांची बायको रुखमिणी म्हणाली.

"काय झालं तेच मालूम नाई, तं दवाखान्यात कायले जाऊ? डॉक्टरनं इचारलं का काय झालं, तं काय सांगू?"

या उत्तरात रुखमिणीला काहीतरी चुकल्यासारखे वाटले, पण संसाराच्या तीस वर्षांत नवऱ्याची चूक नेमकी कुठे आहे हे तिला वेळेवर कधीच सापडले नव्हते.

तेव्हा निदान आधी करणे क्रमप्राप्त होते. कचेरीत चहाच्या वेळी विषय निघाला आणि सहा जणांनी सात कारणे सांगितली. टंकलेखकाच्या मते बेंबी सरकली होती. शिपाई तेजराम म्हणाला, बोअरचे पाणी बाधले. एकाने हरभऱ्याच्या डाळीवर ठपका ठेवला. शेवटी साहेबांनी "स्ट्रेस" हा शब्द उच्चारला आणि तो सर्वानुमते मंजूर झाला. यादोरावांनी कोणालाच दुखावले नाही. ते बेंबीभोवती कोमट तेल चोळू लागले, पाणी उकळून पिऊ लागले, डाळ सोडली आणि स्ट्रेस कमी व्हावा म्हणून अर्ज बघणेही कमी केले. जनतेला फरक जाणवला नाही.

आग मात्र वाढली. मग ते मेडिकलवाल्या भैय्याजींकडे गेले. दुकानदारीच्या बावीस वर्षांत भैय्याजींनी पोटाचे सगळे आजार एका प्रश्नात बसवले होते.

"गॅस का पित्त?"

"पित्त असन."

"मंग हे घ्या. सकाळी एक. आन् गुडघ्याची संपली का?"

"हो, तेही देऊन टाका. दोन पत्ते."

गुडघ्याची गोळी यादोराव दिवाळीपासून घेत होते, सकाळ-संध्याकाळ, रिकाम्या पोटी चहाबरोबर. गोळीने गुडघा खूश होता. ती गुडघ्यापर्यंत पोचण्याआधी पोटातून जाते, हा तपशील त्यांच्या लक्षात आला नाही, कारण गुडघा आणि पोट ही त्यांच्या लेखी वेगवेगळ्या टेबलांची कामे होती.

पुढच्या महिन्यात कर्मचाऱ्यांसाठी पचनसंस्था तपासणी शिबिर ठरले. अर्जाचा नमुना करायचे काम अर्थातच यादोरावांकडे आले. शिबिराच्या डॉक्टरांनी तेवीस प्रश्नांची यादी पाठवली होती. एका पानात सतराच बसत होते. साहेबांच्या सहीला आणि शिक्क्याला जागा लागणारच होती, म्हणून यादोरावांनी अनावश्यक प्रश्न काढायला घेतले. 'सध्या कोणती औषधे घेता?' हा प्रश्न त्यांनी पहिल्याच फटक्यात उडवला. पोटाच्या शिबिरात पोटाचे बोलावे. उलट डॉक्टरांच्या यादीत एक मोठी उणीव होती, ती त्यांनी स्वतःहून भरून काढली : 'आजाराचे निदान (अनिवार्य)'.

शिबिराच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतःचा अर्ज भरायला घेतला. निदानापुढे साहेबांच्या शब्दाची आठवण ठेवून 'स्ट्रेस' लिहिले. नवव्या रकान्यापाशी पेन थांबले. 'शौचाचा रंग' असे तिथे विचारले होते. गेले चार दिवस तो डांबरासारखा काळा होता, आणि यादोरावांनी त्याचा दोष वांग्याच्या भाजीला दिला होता. पण हा अर्ज साहेबांच्या सहीसाठी जाणार होता. अव्वल कारकुनाने साहेबांच्या टेबलावर काय ठेवावे, याला काही मर्यादा असते. त्यांनी थोडा विचार केला आणि लिहिले : 'समाधानकारक'.

शिबिराच्या डॉक्टरांपुढे दुपारपर्यंत एकशे चाळीस अर्ज आले होते. इतका स्वच्छ, खाडाखोड नसलेला अर्ज पाहून त्यांना बरे वाटले. "रोज फिरत जा," ते म्हणाले आणि सही केली.

यादोराव फिरायला गेले. तिसऱ्या दिवशी कचेरीच्या पायऱ्या चढताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते जागीच बसले. चेहरा पांढराफटक, हात थंडगार. तेजरामने गाडी आणली, रुखमिणीला घरून घेतले आणि भंडाऱ्याचा रस्ता धरला. वरठीजवळ यादोरावांनी डोळे उघडले.

"तेजराम, मस्टरवर अर्धीच रजा टाकजो."

"भाऊजी, तुमी आता काही बोलू नका," तेजराम म्हणाला. त्याचा आवाज कापत होता, आणि त्यामुळे यादोरावांना प्रथमच भीती वाटली.

दवाखान्यात डॉक्टर मंजुषा त्यांच्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, रक्त तपासायला पाठवले आणि विचारले, "काही गोळ्या चालू आहेत?"

"नाही मॅडम. आपण गोळ्यांच्या विरोधात आहो."

"शौचाला काळं होतं?"

यादोरावांनी रुखमिणीकडे पाहिले. रुखमिणीने मात्र या वेळी नवऱ्याकडे पाहिलेच नाही. तिने हातातली थैली टेबलावर उपडी केली. गुडघ्याच्या गोळ्यांचे अठरा रिकामे पत्ते बाहेर पडले.

"दिवाळीपासून खाऊन राहिले, बाई. रोज दोन. आन् आठेक दिवसांपासून संडास डांबरावानी होते. मीच साफ करतो तं मले माहीत हाय."

"या गोळ्यांनी जठराला जखम झाली असणार," मंजुषा म्हणाल्या. "आत रक्त वाहतंय. हिमोग्लोबिन साडेपाच आलंय. आणखी दोन दिवस गेले असते तर मी तुमच्याशी नाही, फक्त यांच्याशी बोलत असते."

रुखमिणी खुर्चीवर बसली आणि पदराने तोंड दाबून रडली. दुर्बिणीने पाहिले तेव्हा जखम सापडली, तिथेच रक्त थांबवले, तीन बाटल्या रक्त चढवले. आठव्या दिवशी घरी सोडताना मंजुषांनी बजावले, "मनाने गोळी घ्यायची नाही. आणि डॉक्टरांपासून काही लपवायचं नाही."

यादोरावांनी गंभीरपणे मान हलवली. "बरोबर हाय मॅडम. हे आमच्या साहेबांना सांगा लागते. त्यांची सवय लई खराब."

गावी आल्यावर भेटायला रीघ लागली. यादोराव प्रत्येकाला पहिल्यापासून सगळे सांगत, काळा रंगसुद्धा. टंकलेखकाने ऐकून सुस्कारा सोडला, "आमच्या मेहुण्याले ऐकवा लागते हे." साहेब म्हणाले, "माझ्या मिसेसला सांगायला हवं." भैय्याजींनीही मान डोलावली, "लोकं इचारतच नाई बाप्पा, काही खाऊन टाकतात." आणि दुकान उघडायला गेले. स्वतःसाठी म्हणून ती हकीकत आजवर एकानेही घरी नेली नाही.

तुम्हीही वाचता वाचता घरातल्या कुणाचे तरी नाव मनात घेतलेच असेल, की हे त्यांनी वाचायला पाहिजे. त्यांचे वाचून झाले आहे. त्यांनी तुमचे नाव घेतले.