पाहुण्यांचा गोल

"रत्ना, दारात आलेलं माणूस रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही. काही नसलं तर गुळाचा खडा ठेव हातावर."

सासूबाईंनी मिरजेला हे सांगितलं, त्याला बरीच वर्षं झाली. रत्नमालाने ते नेमासारखं पाळलं. जयपूरच्या लष्करी वसाहतीतल्या तिच्या घरून सिलिंडरवाला लाडू खात बाहेर पडे, आणि कुरिअरवाला पार्सल देण्याआधी हात धुऊन घेई.

म्हणूनच त्या रविवारी वसाहतीच्या मैदानावर, मध्यंतराला फलकावर सात-शून्य पाहून तिला कसंसंच झालं. शून्य होतं ते प्रताप नगरहून खेळायला आलेल्या पाहुण्या मुलांचं.

एरवी तिचं काम संत्री सोलून देण्याचं. पण वसाहतीच्या मुलांना फुटबॉल शिकवणारे प्रकाशजी भाचीच्या लग्नाला गेले होते. "भाभीजी, सिर्फ खड़े रहना है," असं म्हणून त्यांनी दहा वर्षांखालचा संघ तिच्या हवाली केला होता.

नुसतं उभं राहणं तिला जमेना.

"जरा दमानं घ्या रे," ती मुलांना म्हणाली. "गोल मारायच्या आधी पाच जणांनी एकमेकांना पास द्यायचा."

आजवर या मुलांनी कुणाला पास दिला नव्हता. आता द्यायला लागली आणि त्यांचा खेळ एकदम फुलला. आठ-शून्य.

"बरं, आता फक्त डाव्या पायानं मारायचं."

सगळ्यात जास्त गोल मारणारा अभिनव जन्माचा डावरा निघाला. "थँक यू आंटी! प्रकाश सर तर उजव्यानेच मारायला लावतात." नऊ.

तिने दोघांना बाहेर बसवलं. उरलेल्यांना पळायला मोकळी जागा मिळाली. दहा. शेवटी तिने अभिनवलाच पाहुण्यांची जर्सी चढवून पलीकडे पाठवला. त्याच्या पायात चेंडू आला, आणि सवयीप्रमाणे पळत जाऊन त्याने तो आपल्या नव्या संघाच्याच जाळीत मारला. अकरा.

पाहुण्या मुलांचे शिक्षक रंगनाथ सर मूळचे सोलापूरचे. ते रेषेवरून चालत तिच्याजवळ आले. "वहिनी, पुरे आता. पोट भरलं आमचं."

"असं कसं सर? तुमचा एक तरी व्हायला हवा."

"नको हो."

"एकच. माझ्या आग्रहाखातर."

"पंगत आहे का ही? वाढलेला गोल आमची पोरं घेणार नाहीत. आणि खरं सांगू? या सीझनमध्ये आमचा चेंडू कुणाच्याच गोलापर्यंत गेलेला नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

हे ऐकल्यावर तर रत्नमालाने ते मनाला फारच लावून घेतलं. ती मैदानाला वळसा घालून आपल्या गोलाच्या मागे गेली. तिथे तिची मुलगी गार्गी खांबाला टेकून उभी होती. गार्गीने सबंध सीझनमध्ये एकही गोल खाल्ला नव्हता. हा शेवटचा सामना तसाच गेला, तर प्रकाशजी तिला गोलकीपरचे खरे हातमोजे देणार होते.

"गार्गी, एक सोड ना गं."

"आई! मतलब, मुद्दाम?"

"पाहुणे आहेत ते."

"मग त्यांना संत्री दे ना. माझे ग्लव्ह्ज का देतेयस?"

"बदल्यात तू म्हणशील ते करीन," रत्नमाला हळूच म्हणाली.

गार्गीने बुटाने माती उकरली. "इकडे कोणी येतच नाही, आई. मी नुसती उभी असते. तू मला रोज सकाळी किक मारशील?"

"रोज?"

"तुझी पूजा असते ना रोज? तसं."

"बरं. वचन."

तेवढ्यात वसाहतीच्या एका मुलाने कंटाळून आपल्याच गोलासमोर चेंडू हातानेच उचलला. पंचांनी पेनल्टी दिली. पाहुण्यांची कॅप्टन शर्वरी चेंडूमागे येऊन उभी राहिली. गार्गीने आईकडे एकदा पाहिलं, सुस्कारा सोडला आणि उजवी बाजू सताड मोकळी ठेवून ती डाव्या खांबापाशी सरकली.

शर्वरीने डोळे गच्च मिटले आणि लाथ मारली. चेंडू सरळ डाव्या खांबाकडे आला, गार्गीच्या पोटावर आदळला आणि तिने घाबरून त्याला मिठी मारली.

रत्नमालाने कपाळाला हात लावला. पण पलीकडे भलताच गलका उठला.

"गोलावर गेला! आपला बॉल गोलावर गेला!"

पाहुण्यांनी शर्वरीला खांद्यावर घेतलं. रंगनाथ सर चष्मा पुसत होते. सामना संपल्याची शिट्टी झाली, तरी कुणाचं लक्ष नव्हतं. संत्री खाताना पोरं त्या लाथेचं वर्णन एकमेकांना पुन्हा पुन्हा सांगत होती, आणि दर वेळी चेंडूचा वेग वाढत होता.

अकरा गोल मारलेले यजमान हा जल्लोष पाहत होते. "आंटी," अभिनवने विचारलं, "हे लोक जिंकले का?"

घरी जाताना गार्गी म्हणाली, "आई, गोल तर झालाच नाही. मतलब प्रॉमिस कॅन्सल. तू टेन्शन नको घेऊ."

रत्नमालाने नुसतं तिच्या केसांतलं गवत काढलं.

दुसऱ्या दिवशी देवापुढे निरांजन लावून झालं. जपाची माळ डबीत ठेवून तिने पदर खोचला, कॅनव्हासचे बूट चढवले, पलंगाखालचा चेंडू काढून काखेत घेतला आणि गार्गीला उठवायला निघाली.