ओळख न दाखवणाऱ्या मॅडम

आमच्या वेंगुर्लेकर मॅडम रस्त्यात समोरून आल्या, तर आपण अदृश्य झालो आहोत असं खुशाल समजावं. अंबरनाथ पूर्वेला आमची सोसायटी आहे. मी तिचा सेक्रेटरी आणि त्या तिसऱ्या मजल्यावर. जिन्यात खांद्याला खांदा लागतो, तरी बाई भिंतीचा रंग तपासत खाली उतरतात. मी "नमस्कार मॅडम" म्हटलं, की मात्र चेहरा असा उजळतो, जणू सकाळपासून माझीच वाट बघत होत्या.

हा माज नव्हे, हा त्यांच्या पेशाचा नियम. मॅडम मानसशास्त्राच्या प्राध्यापक. मनावर उपचार करणाऱ्याने कसं वागावं, काय बोलू नये, कुठे जाऊ नये, हे त्या कॉलेजात शिकवतात आणि त्यावरच जाडजूड लेख लिहितात. संध्याकाळी स्टेशनजवळच्या एका खोलीत स्वतः पेशंटही बघतात. एकदा मी चिडून विचारलं, तेव्हा त्यांनी मला समोर बसवून समजावलं.

"हे बघा सेक्रेटरी, मी बाजारात पेशंटला नमस्कार केला, की त्याच्या बरोबरचा विचारणार, ह्या बाईंना तू कसा ओळखतोस? तो बिचारा काय सांगेल? म्हणून ओळख द्यायची की नाही, ते त्याने ठरवायचं. त्याने दिली, तर मी देणार."

"पण मी कुठे पेशंट आहे?"

"तुम्हाला नमस्कार केला आणि तुमच्या शेजारच्याला नाही, तर लोक त्याला काय समजतील?"

म्हणून सरसकट कुणालाच नाही. भाजी मंडईत सख्खा भाऊ समोर आला, तर त्याच्याकडेही मॅडमनी पाठ फिरवली. तो पुढे कित्येक दिवस त्यांचा फोन उचलत नव्हता.

दुसऱ्या मजल्यावरच्या पाटीलकाकूंना जगाच्या खबरा लागतात. त्या आडून आडून विचारतात, "मॅडम, चौथ्या मजल्यावरची सून तुमच्याकडे येते म्हणे?" मॅडम शांतपणे सांगतात, "आज भेंडी अगदी कोवळी मिळाली." कुणाचंही नाव काढा, उत्तर भेंडीच. शेवटी काकूंनी पेच टाकला, "बरं, मी येते का हो तुमच्याकडे?"

"भेंडी फारच कोवळी होती," मॅडम म्हणाल्या.

तेव्हापासून काकूंना स्वतःचीच खात्री वाटेनाशी झाली आहे.

उल्हासनगरला साडी घ्यायला एकदा आमच्या हिच्याबरोबर मॅडमही आल्या होत्या. पिशव्या धरायला मी होतोच. दुकानदाराने हात जोडून भाव उतरवला, "मॅडमजी, आपसे क्या कमाना!" झालं! पेशंटकडून सवलत घ्यायची नाही, आणि पेशंट कोण ते कळू नये म्हणून कुणाकडूनच घ्यायची नाही. तो उतरवतोय, ह्या चढवतायत. "अरे साईं, ऐसा ग्राहक तो मेरे बाप ने भी नहीं देखा," म्हणत त्याने शेवटी पूर्ण पैसे घेतले आणि घटाघटा पाणी प्यायला.

अशा ह्या बाई. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी त्यांच्याकडे ठेवलेली पाण्याच्या टाकीची किल्ली मागायला मी वर गेलो. दार उघडलं, तर मॅडम जरीच्या साडीत! केसात गजरा, कानात मोत्याच्या कुड्या.

"लग्नाला निघालात वाटतं?"

"नाही. घरीच आहे."

"मग हा थाट?"

मॅडमनी पदर सारखा केला. "आज भेंडी..." म्हणाल्या आणि पुढे बोलल्याच नाहीत.

मला सगळं उमगलं. कुठल्यातरी पेशंटचं लग्न होतं. बाई नटल्या होत्या, पण जाणार कशा? मांडवात पहिला प्रश्न हाच, तुम्ही मुलाकडच्या की मुलीकडच्या? मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात बुवापाड्याच्या बाजूने बेंजोचा आवाज आला. मॅडम लगबगीने गॅलरीत गेल्या आणि वाळत घातलेल्या चादरीमागे उभ्या राहिल्या. वरात आमच्या बिल्डिंगखाली आली. घोड्यावर मोरिवलीच्या कारखान्यात काम करणारा नितेश होता. त्याने वर पाहिलं, हात वर करून बेंजो थांबवला आणि ओरडला, "मॅडम! खाली या ना!"

मॅडम चादरीमागे आणखी आत सरकल्या. "त्याला कळत नाहीये. अख्खी वरात ऐकतेय!"

"लपताय काय मॅडम? मी तुमचा पेशंट ना! सगळ्यांना सांगितलंय मी. घराबाहेर पडायला घाबरायचो, तेव्हा ह्यांनीच बाहेर काढला मला!"

मॅडमनी चादरीतून डोकं बाहेर काढलं. "नितेश, नीट विचार केलायस का? उद्या वाईट वाटलं तर? होणाऱ्या बायकोला विचारलंस?"

घोड्यावरच्या नवरदेवाची संमती घेणारी बाई अंबरनाथने प्रथमच पाहिली असेल.

"तिनंच सांगितलंय, मॅडमना घेऊनच ये!"

आता नितेशची आई पुढे आली. "बाय, तू आदी खाली ये! माजा पोर तुज्यामुलं घोड्यावर बसलाय. तू नाय, तर वरात हितून हालनार नाय."

मॅडमनी चपला घातल्या, त्याही दोन वेगवेगळ्या, आणि दार सताड उघडं टाकून जिना उतरल्या. आईने त्यांना मिठी मारली. क्षणभर त्या काठीसारख्या ताठ उभ्या होत्या. मग बेंजो सुरू झाला आणि आमच्या मॅडम दोन्ही हात वर करून, ठेका साफ चुकवत, लग्नाच्या हॉलपर्यंत नाचत गेल्या. मागून मीही गेलो. मुलाकडच्या की मुलीकडच्या, कुणी विचारलं नाही.

जेवून आम्ही परतलो, तेव्हा त्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या. गजरा पार सुकला होता.

"आमच्या कामात माणूस बरा झाला, की यायचा बंद होतो," त्या म्हणाल्या. "बंद व्हावा म्हणूनच तर सगळी खटपट. पण मग पुढे तो कसा आहे, ते मला कोण सांगणार? रस्त्यात दिसला, की चोरून बघून घेते. अंगाने भरलाय का, बरोबर कुणी आहे का, हसतोय का. तेवढ्यात तो गर्दीत दिसेनासा होतो."

मी शेजारी बसलो.

"आज समोर उभं राहून बघितलं हो," मॅडम डोळे पुसत हसल्या. "पोटभर बघितलं."